पाच पाकिटे आणि बारा पायऱ्या

पत्र लांब होते, थोडे कापून देतो.

“माझे वय ६३. डिचोली तालुक्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. सहा वर्षे दोन्ही गुडघे आणि कंबर दुखते. एक्स-रेत गुडघ्यांची झीज दिसली. हाडांच्या डॉक्टरांची एक गोळी सकाळ-संध्याकाळ घेते. रात्री फारच ठणकले तर गावच्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेली दुसरी घेते. गेल्या चवथीत तीन दिवस चुलीपुढे उभी राहिले आणि कंबर धरली, तेव्हा ‘जोराची’ म्हणून तिसरी मिळाली. आधी दोन पुरायच्या, आता दिवसाला चार लागतात. चिठ्ठी जुनी झाली, पण फार्मसीतला मुलगा ओळखीचा आहे, तो देतो. मध्यंतरी रक्तदाब वाढला, त्याचीही गोळी बदलून जास्त ताकदीची दिली. पुण्याचा मुलगा म्हणतो, अमेरिकेत असल्या गोळ्यांनी माणसे मेली. शेजारीण म्हणते, किडनी जाणार. घाबरून गेल्या महिन्यात सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. दुसऱ्या दिवसापासून अंगावर काटा, नाक गळते, जुलाब, रात्रभर पाय स्वस्थ ठेवता येईनात. चौथ्या दिवशी सगळ्या परत सुरू केल्या आणि दोन तासांत बरे वाटले. म्हणजे मला व्यसन लागले का? आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत बारा पायऱ्या आहेत. त्या उतरायच्या म्हटले तरी धडकी भरते. गोळी घेऊ की सोसू? पाकिटांचे फोटो पाठवते. कधी कधी आमचे यजमानही कंबरेसाठी त्यातलीच एक घेतात.”

नमस्कार बाई,

फोटो पाठवलेत हे फार बरे केलेत. मी डॉक्टर नव्हे. फोंड्यात तीसेक वर्षे फार्मसी चालवली, आता मुलगा चालवतो. कुणाला कुठले औषध द्यायचे हा माझा प्रांत नाही. पाकिटात काय आहे, आणि एका पोटात दोन पाकिटे गेली की काय होते, एवढे मात्र मी सांगू शकतो.

पाकिटावर ठळक छापलेले नाव कंपनीने ठेवलेले असते. औषधाचे खरे नाव त्याच्या आसपास, चष्मा लावूनही दिसू नये अशा अक्षरांत. ती अक्षरे मी फोटो मोठा करून वाचली. हाडांच्या डॉक्टरांची गोळी म्हणजे असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५. रात्रीची गोळी म्हणजे डायक्लोफेनॅक ५०. रंग वेगळा, कंपनी वेगळी, पण असेक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक या सख्ख्या बहिणी. एक घरात असताना दुसरीला बोलवायचे नसते. दोघींनी मिळून दुखणे काही दुपटीने कमी होत नाही, धोका तेवढा वाढतो. एका डॉक्टरांना दुसऱ्यांचे पाकीट ठाऊक नसणार, आणि फार्मसीतल्या त्या ओळखीच्या मुलानेही विचारले नाही.

‘जोराची’ म्हणजे ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पुन्हा पॅरासिटामॉल ३२५. चौथे पाकीट सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, पोटातले आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलचे. पाचवे रक्तदाबाचे, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. हे पाचवे तुम्ही फोटोत कडेला सरकवून ठेवलेत, जणू त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. माझी नजर आधी तिथेच गेली.

शेजारणीला हसू नका. ती अर्धे बरोबर बोलते आहे.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. गाळणीकडे रक्त आणणाऱ्या वाटेचे दार उघडे ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वापरते. गुडघ्यात सूज आणि ठणका उठवण्यातही याच द्रव्यांचा हात असतो. डायक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत. गुडघा शांत होतो, पण मूत्रपिंडाकडे येणारे दारही थोडे मिटते. टेल्मिसार्टन बाहेर जाणाऱ्या वाटेचे दार सैल करते. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे अंगातले पाणी कमी करते. आता खाडीकाठच्या खाजन शेताची मानस, म्हणजे बांधातले पाणी आत-बाहेर सोडणारे दार, डोळ्यांपुढे आणा. खाडीचे पाणी उतरलेले, आत घेणारे दार अर्धे मिटलेले, बाहेर सोडणारे सताड उघडे. शेतात पाणी ठरणार कसे? एरवी शरीर हे सगळे सांभाळून नेते. तुम्ही मात्र उकाड्याच्या दिवसांत, तीन दिवसांच्या जुलाबांनी सुकलेल्या अंगावर, ही तिन्ही औषधे एकदम सुरू केलीत. म्हणून या आठवड्यात, पुढच्या नव्हे, क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करते ते दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी आणि लघवीची तपासणी करून घ्या. बहुतेक सगळे ठीकच निघेल. पण बहुतेक म्हणण्यावर किडनी सोडून देता येत नाही.

पुन्हा कधी उलट्या-जुलाब झाले, ताप येऊन खाणेपिणे सुटले, तर त्या दिवसांत या दोन बहिणींपैकी एकही घ्यायची नाही, आणि रक्तदाबाच्या गोळीचे काय करायचे ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचे. हे लिहून फ्रिजवर चिकटवा.

रक्तदाबाचे आणखी एक. तो मध्यंतरी वाढला, गोळी जास्त ताकदीची झाली, असे तुम्ही सहज लिहून गेलात. या वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढवतात आणि रक्तदाबाच्या गोळीचा जोरही कमी करतात. एका गोळीने चढवलेला रक्तदाब उतरवायला दुसरी गोळी, असे तुमच्या बाबतीत झाले असावे असा मला दाट संशय आहे. डॉक्टरांपुढे दोन्ही पाकिटे शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांच्याही ते लगेच लक्षात येईल. हृदयाचा धोकाही याच घराण्यातला. रोफेकॉक्सिब नावाची गोळी पोटाला सौम्य म्हणून जगभर खपली आणि हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसल्यावर २००४ साली कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. डायक्लोफेनॅक अजून आहे, पण हृदयविकार असलेल्या माणसाला ते देताना जाणता डॉक्टर दहा वेळा विचार करतो.

तुम्ही मुलांना परिसर अभ्यास शिकवला असेल, तर गिधाडांची गोष्ट ठाऊक असेल. गुरांना डायक्लोफेनॅक टोचत, अशी गुरे मेली की गिधाडे ती खात, आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. आपल्या आकाशातली गिधाडे त्यातच गेली, आणि २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, आपले शरीर हे औषध काही तासांत निकालात काढते. भीती घालायला ही गोष्ट सांगत नाही. जे औषध आपण चहासारखे रोज दोनदा घेतो ते मूत्रपिंडाशी नेमके कुठे भांडते, ते यातून नीट कळते.

पँटोप्राझोलवर फार विसंबू नका. ‘आधी गॅसची गोळी घेतली की काही होत नाही’ हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकले. ती जठराला वाचवते, किडनीला आणि हृदयाला नाही. ‘इंजेक्शन घेतले तर पोटाला त्रास नाही’ हेही खोटे. औषध रक्तातून पोटाच्या अस्तरापर्यंत पोचतेच. शौच डांबरासारखे काळे झाले, उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी झाली, लघवी एकदम कमी झाली, छातीत दुखले किंवा पाय-चेहरा सुजून दम लागला, तर या सदराला पत्र लिहीत बसू नका, १०८ ला फोन करा.

इथे माझी एक जुनी चूक सांगतो. खाणी २०१२ साली बंद पडायच्या आधीची गोष्ट. खनिजाचा टिपर चालवणारा एक ड्रायव्हर दर पंधरा दिवसांनी माझ्याकडून डायक्लोफेनॅक न्यायचा. दिवसभर खड्ड्यांतून आदळून त्याची कंबर गेलेली, आणि गोळीशिवाय फेरी नाही, फेरी नाही तर पैसे नाहीत. चिठ्ठी पहिल्या वेळी दाखवली, नंतर मी मागितली नाही. चांगला माणूस, उधारी ठेवायचा नाही. चार-पाच वर्षांनी पाय सुजले म्हणून आला तेव्हा बराच उशीर झाला होता. त्याला मधुमेहही होता, त्यामुळे सगळा दोष गोळीचा असे म्हणता येणार नाही. पण एकदाही ‘क्रिएटिनिन केलेस का रे’ असे मी विचारले नव्हते. तुमच्या ओळखीच्या त्या मुलावर म्हणूनच मी फार रागावत नाही. त्याच्याकडून चिठ्ठीशिवाय काही घेऊ मात्र नका.

आता ‘जोराची’. ट्रॅमाडॉल अफूच्या घराण्यातले, त्यातले त्यात सौम्य, पण घराणे तेच. २०१८ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. पाकिटावर लाल चौकट आहे ना, तिचा अर्थ असा की चिठ्ठी पाहून, डॉक्टरांचे आणि रुग्णाचे नाव वहीत नोंदवूनच ते द्यायचे, आणि ती वही तीन वर्षे जपायची.

तुम्हाला व्यसन लागले का? पत्रावरून तरी मला तसे वाटत नाही. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. दोनचे चार झाले, ती शरीराची सवय. त्याच गोळीचा गुण कमी येऊ लागतो. गोळी तोडल्यावर काटा, जुलाब, नाक गळणे, पायांची तगमग, हे शरीराचे अवलंबून राहणे. महिनोन् महिने घेणाऱ्या कुणाचेही हे होऊ शकते, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. व्यसन म्हणजे दुखत नसतानाही मन तिकडे धावते, घरच्यांपासून लपवले जाते, नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही. तुम्ही तर उलट घाबरून बंद केल्यात. तरीही स्वतःला एकदा खरे विचारा: दुखते म्हणून घेते, की घेतल्यावर मन हलके होते म्हणून? दुसरे उत्तर आले तर लाजू नका. बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात यासाठी उपचार मिळतात, आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे.

तुमची चूक तोडण्यात नाही, एका दिवसात तोडण्यात आहे. अशी गोळी पायरी-पायरीने उतरवायची. चारवरून तीन, तिथे काही आठवडे, मग दोन. किती आठवडे ते डॉक्टर ठरवतील. मध्येच त्रास झाला तर त्याच पायरीवर जास्त थांबायचे, वर चढायचे नाही. तोवर बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा. बायका हे सांगत नाहीत, घरीच इसबगोल घेत बसतात, आणि कारण या गोळीत असते. चक्करही याच गोळीची. पावसात जांभ्या दगडाच्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि ट्रॅमाडॉलची गुंगी, हे मला तुमच्या गुडघ्यांपेक्षा भीतिदायक वाटते. आकडी येण्याचा धोकाही या औषधात असतो, नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर तो वाढतो. झोपेची किंवा मनाची कुठलीही गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांकडे न्यायच्या पिशवीत टाकायला विसरू नका.

पॅरासिटामॉलची बेरीजही करून ठेवा. ते बापडे या सगळ्यांत सौम्य, पण लपून बसते. जोराच्या चार गोळ्यांत १३००, हाडांच्या दोन गोळ्यांत ६५०, झाले १९५०. त्यात फ्लू आला आणि घरातली ६५०ची तापाची गोळी चार वेळा घेतलीत की ४५५०. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम, आणि वय झालेल्यांना किंवा यकृत कमजोर असणाऱ्यांना डॉक्टर त्याहून कमीच सांगतात.

मुलगा म्हणतो तेही खरे आहे. अमेरिकेत १९९६ साली ऑक्सिकोडोन या अफूच्याच घराण्यातल्या औषधाची एक गोळी बाजारात आली, सवय लागण्याचा धोका कमी असे सांगून ती डॉक्टरांच्या गळी उतरवली गेली, आणि या दिशाभुलीचा गुन्हा कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला. तोवर गावेच्या गावे त्यात सापडली होती. पण त्याला दुसरी बाजूही सांगा. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि त्याच देशात कॅन्सरचे रुग्ण वर्षानुवर्षे अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनवाचून तळमळत मेले, कारण अमली पदार्थांचा १९८५चा कायदा इतका कडक की इस्पितळे परवान्यांच्या भानगडीत पडत नसत. २०१४ साली कायदा बदलून ती वाट थोडी सोपी केली. शेवटच्या आजारात किंवा ऑपरेशननंतरच्या चार दिवसांत ही औषधे कुणाला नाकारणे मला क्रूर वाटते.

झिजलेल्या गुडघ्याचे गणित वेगळे आहे. कंबर, खुबा आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवर अमेरिकेत वर्षभर एक प्रयोग झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना मॉर्फिन, ऑक्सिकोडोन अशी औषधे, अर्ध्यांना पॅरासिटामॉल आणि तुमच्या त्या दोन बहिणींसारखी साधी. वर्षअखेर हिंडण्या-फिरण्यात दोन्ही गट सारखेच, दुखणे साध्या औषधांच्या गटात किंचित कमी, आणि दुष्परिणाम अफूवाल्यांना जास्त. साध्या गटातल्या थोड्या जणांना शेवटचा उपाय म्हणून ट्रॅमाडॉल दिले गेले, हेही सांगायला हवे. म्हणजे ते निरुपयोगी नाही. पण रांगेत त्याची जागा शेवटची, आणि मुदत ठरवून.

मग सोसू का, असे विचारता. नका सोसू. सोसण्याचे आपल्याकडे फार कौतुक, त्यातून बाईमाणसाच्या सोसण्याचे तर विचारूच नका. पण दुखते म्हणून बसून राहिलात की मांडीचे स्नायू वितळतात, आणि गुडघा त्या स्नायूंच्याच आधाराने उभा असतो. सोसून बसणे हाही तोटाच, फक्त त्याचे पाकीट दिसत नाही.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘दुखते हो’ एवढेच सांगू नका. तुम्हाला काय करता यायला हवे ते सांगा. बारा पायऱ्या कठड्याला न लटकता उतरणे. कदंबाच्या बसची पहिली पायरी चढणे. देवळात भजनाला तासभर खुर्चीवर बसणे. गोळीने यातले काही जमायला लागले तर ती कामाची. दोन-तीन आठवड्यांत काहीच सरकले नाही तर तिचा धोका तुम्ही फुकट पत्करता आहात. सहा वर्षांत हा हिशेब कुणी तुमच्याकडून मागितलेला दिसत नाही, आणि या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच.

गुडघ्याला डायक्लोफेनॅकचे जेल डॉक्टरांना विचारून लावून पाहा. कातडीवरून रक्तात फारच थोडे जाते, आणि गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला ते खरोखर गुण देते. कंबरेला तेवढे नाही. जेल सुरू झाले की पोटातली बहीण कमी करता येईल का, हा पुढचा प्रश्न. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, मनात पाच आकडे मोजायचे, हळू खाली. आधी दहा वेळा, मग वाढवत न्यायचे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, म्हापशाच्या पेडें येथील जिल्हा इस्पितळात चौकशी करा. जास्त दुखतो त्या गुडघ्याच्या उलट हातात काठी धरायची, त्याच हातात नव्हे. हे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसते. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. आणि आदोळीवर उकिडवे बसून नारळ खवणे आता पुरे. ओट्याला घट्ट बसणारी खवणी आणा. चवथीच्या नेवऱ्या टेबलावर बसून लाटल्या तर गणपती रागावत नाही.

राहिले यजमान. हा भाग त्यांना वाचून दाखवा. दुसऱ्याच्या चिठ्ठीची गोळी घेणे चूकच. पण ही ‘जोराची’ संध्याकाळच्या हुर्राकावर किंवा फेणीवर गेली, तर दोन्ही मिळून मेंदूला इतके झोपवतात की श्वासच मंदावतो. सोडा घालून, लिंबाच्या फोडीबरोबर चालते असे कुणी सांगितले असेल तर तो शहाणा माणूस नव्हे. पाकीट कपाटात कुलपाआड ठेवा आणि गोळ्या मोजून ठेवा. फेणी कंबरेला चोळायची तर खुशाल चोळा, बाहेरून ती कुणाचे फारसे वाईट करत नाही. त्यांच्या कंबरेसाठी त्यांनी स्वतः डॉक्टरांकडे जावे, तुमच्याच बरोबर जावे. पाच पाकिटांची पिशवी उचलायलाही कुणीतरी हवे.

रिपोर्ट आला की क्रिएटिनिनचा आकडा कळवा. आणि महिन्याभराने पायऱ्यांचा.